फोन रूट का करायचो, आणि मग तो बिघडायचा कसा

माझा संशोधनाचा विषय मोबाइल दुरुस्तीचा इतिहास आहे असं सांगितलं, की गावाकडं पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘‘मोबाइलचा कायचा इतिहास? कालपरवा तं आले.’’ यावर माझं उत्तर असं, की वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला आणि पहिला अँड्रॉइड फोन विकायला आला ऑक्टोबर २००८ मध्ये. म्हणजे आपला जिल्हा अँड्रॉइडपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठा. (वत्सगुल्म आणि वाकाटक मदतीला असतात म्हणून जिल्ह्याचं वय कुणी काढत नाही, एवढंच.) फोनचा इतिहास लिहिताना खरी अडचण वयाची नसते. त्याचे पुरावे फार लवकर पुसले जातात. त्याकडे पुढे येतोच.

आजचा लेख रूट केलेल्या फोनांबद्दल आणि त्यांच्या बिघाडांबद्दल. रूट करणं म्हणजे ‘हॅकिंग’, पोरांची टगेगिरी, असा एक समज आहे. मला तो अर्धाच खरा वाटतो. आपल्याकडे फोन रूट व्हायचे ते बरेचदा अडचणीपायी. अडचण बदलत गेली तसे बिघाडही बदलत गेले.

आधी रूट म्हणजे काय ते सांगतो. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असतो ना? जमीन तुमची, कसायची तुम्ही, पण विकायची तर परवानगी लागते. फोनचं तसंच आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि लिनक्समध्ये शून्य क्रमांकाचा एक वापरकर्ता असतो, त्याचं नाव रूट. त्याला कुठलीही फाइल बदलता येते. कंपनी फोन विकते तेव्हा तुम्हाला हा क्रमांक देत नाही. तो मिळवणं म्हणजे परस्पर वर्ग १ करून घेणं. त्यासाठी ‘एसयू’ नावाची एक छोटी फाइल फोनच्या सिस्टिममध्ये बसवावी लागते आणि ती कुणी वापरायची यावर राखण ठेवणारं एक ॲप लागतं.

याची सुरुवात गमतीशीर आहे. तो पहिला फोन टी-मोबाइलचा जी-वन, बनवलेला एचटीसीनं. कीबोर्डवर जे टाइप कराल ते पडद्यावर तर दिसायचंच, शिवाय मागे रूटच्या अधिकारानं चालणाऱ्या एका छुप्या खिडकीतही जायचं. गूगलकडून राहून गेलेली चूक. नोव्हेंबर २००८ मध्ये एकानं चॅट करता करता ‘रीबूट’ एवढाच शब्द लिहून एंटर दाबलं आणि फोन खरंच बंद होऊन पुन्हा सुरू झाला! गूगलनं लगेच ते भोक बुजवलं. पण तोवर लोकांना दार कुठं आहे ते कळलं होतं. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कोंडिक या माणसानं सायनोजेनमॉड नावाची बदललेली अँड्रॉइड आवृत्ती लोकांना दिली आणि ‘रॉम टाकणे’ हा शब्दप्रयोग जगभर झाला.

हे सगळं अमेरिकेत. आपल्याकडे रूटची गरज पडली ती एका अगदी साध्या कारणासाठी: मराठी वाचायला.

२०१० ते २०१२ च्या सुमाराला ज्यांच्याकडे अँड्रॉइड २.२ किंवा २.३ होतं त्यांना आठवेल. मराठी बातमी उघडली की ओळीच्या ओळी चौकोन. आम्ही त्यांना ‘डबे’ म्हणायचो. काही कंपन्या भारतातल्या फोनांत देवनागरी आधीपासून घालून द्यायच्या, पण बाकीच्यांत फॉन्टच नव्हता. बिनारूटचा एक उपाय होता. ऑपेरा मिनी घ्यायचं, पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ लिहायचं आणि अवघड लिप्यांसाठी चित्रफॉन्ट वापर, हा पर्याय चालू करायचा. मग त्यांचा सर्व्हर मराठी अक्षरांची चित्रं करून पाठवायचा. डेटा जास्त जायचा, पण वाचता यायचं. मात्र ते त्या एका ब्राउझरपुरतं. मराठीत आलेला एसएमएस डब्यातच.

मग फोन रूट करायचा, सिस्टिममधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरात जायचं आणि ‘ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक’ या फाइलच्या जागी देवनागरी असलेली त्याच नावाची फाइल ठेवायची. इथं पहिला बिघाड व्हायचा. नव्या फाइलला परवानगी ६४४ द्यावी लागते, म्हणजे मालकानं लिहावं आणि बाकी सगळ्यांनी वाचावं. ती द्यायची राहिली तर सिस्टिमला स्वतःचाच फॉन्ट वाचता यायचा नाही. फोन बंद करून चालू केला की कंपनीचं चित्र फिरत बसायचं, पुढे काही नाही. उपाय तसा सोपा: रिकव्हरीतून सिस्टिम उघडायची आणि जुनी फाइल परत ठेवायची. पण जुनी फाइल ठेवलीय कुणी? तिचं नाव बदलून बाजूला ठेवावं, ही अक्कल पहिला फोन मेल्यावर यायची.

आणि सगळं नीट जमलं तरी? डबे जाऊन अक्षरं यायची, पण मोडकी. ‘किती’मधली पहिली वेलांटी क नंतर. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तर बघवायचा नाही. ऱ वेगळा, त्याला लटकलेला पाय वेगळा, य वेगळा. कारण फॉन्टमध्ये नुसती अक्षरं असतात. ती जोडून जोडाक्षर करणं, वेलांटी उचलून पुढं नेणं हे काम दुसऱ्या एका यंत्रणेचं, आणि जुन्या अँड्रॉइडमध्ये देवनागरीसाठी ती नव्हतीच. म्हणजे हा बिघाड फाइल बदलून सुटणारा नव्हता. तरी आम्ही फॉन्टमागून फॉन्ट बदलत बसलो. ज्या खोलीत किल्ली पडलीच नाही तिथं उजेड आहे म्हणून शोधत राहावं, तसं. २०११ च्या शेवटी आलेल्या अँड्रॉइड ४.० मध्ये ही जोडणी आली. फोनच्या मेनूसाठी मराठी भाषा निवडता येऊ लागली ती २०१४ च्या ५.० पासून. त्यानंतर मराठीसाठी रूट करायचं कारण उरलं नाही.

दुसरं कारण जागेचं. २०११ चा सॅमसंग गॅलेक्सी वाय त्या काळात पोरापोरांच्या हातात होता. त्यात ॲपसाठी जागा साधारण १८० एमबी. चार ॲप टाकली की ‘जागा अपुरी’. रूट करून मेमरी कार्डाचे दोन भाग करायचे आणि लिंकटूएसडी नावाच्या ॲपनं बाकीची ॲप दुसऱ्या भागात हलवायची, ही युक्ती चालायची. तिचा नेहमीचा बिघाड म्हणजे ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ हा निरोप. लोक कार्ड बदलायचे, ॲप काढून परत टाकायचे. खरी गोष्ट एवढीच असायची, की कार्डाचा दुसरा भाग ज्या पद्धतीनं आखलाय ती पद्धत त्या फोनच्या कर्नलला येत नाही. ईएक्सटी४ ऐवजी ईएक्सटी२ किंवा फॅट३२ केलं की चालायचं. आणि गाणी भरायला म्हणून कुणी कार्ड काढलं, की अर्धी ॲप गायब!

आता तिसरा बिघाड. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तो माझ्या हातून झालेला आहे.

२०१२-१३ पासून स्वस्त ड्युअल सिम फोन आले. बहुतेकांच्या आत मीडियाटेकची चिप. हे फोन रूट करणं सोपं झालं. फ्रामारूट नावाचं ॲप होतं, त्यातल्या प्रत्येक उपायाला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या पात्राचं नाव. ‘बोरोमीर’वर बोट ठेवलं की मीडियाटेकचे बरेच फोन रूट. माझ्या मामाचा असाच एक फोन होता. मामा मालेगाव तालुक्यातला, शेती सोयाबीन-तुरीची. फोन फार हळू चालतो म्हणून माझ्याकडं दिला. मी कॉलेजात, वाशिमला खोली करून राहिलेलो, हाताला खाज. रूट केला, नको वाटली ती सिस्टिम ॲप उडवली. त्यातलं एक नको नव्हतं. फोन चित्रावर अडकला.

मग सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर रॉम आणली, एसपी फ्लॅश टूल लावलं. (लाइट जाईल या धाकानं पहाटे बसलो होतो. मधेच लाइट गेली तर फोन दगड.) त्या टूलमध्ये नुसतं ‘डाउनलोड’ असतं आणि ‘सगळं फॉरमॅट करून डाउनलोड’ही असतं. मी दुसरं निवडलं. स्वच्छ काम व्हावं म्हणून! फोन सुरू झाला, एकदम चपळ. मामा खूश होऊन घेऊन गेला.

सगळं फॉरमॅट केलं की मीडियाटेकच्या फोनमधला एनव्हीरॅम नावाचा कोपराही पुसला जातो. तिथं त्या फोनचा आयएमईआय क्रमांक आणि रेडिओची जुळवणी असते. आयएमईआय नसलेल्या फोनला भारतात नेटवर्क द्यायचं नाही, हा नियम २००९ च्या नोव्हेंबरअखेरपासून आहे. पडद्यावरच्या टॉवरच्या दांड्या गेलेल्या मामाला दिसल्या होत्या. पण गावात वीज नव्हती, म्हणून टॉवरच बंद असेल असं त्याला वाटलं. हे अगदी बरोबर निदान होतं. एरवी तसंच व्हायचं.

चार दिवसांनी तो वाशिमला आला. ‘‘भाचेबुवा, फोन चालू हाय, गाने वाजतेत, पन कोनाचाच फोन येत नाही.’’ त्या चार दिवसांत मळणीयंत्रवाल्यानं त्याला फोन लावून पाहिले होते. लागला नाही म्हणून तो दुसऱ्याच्या शेतावर गेला. दिवाळीच्या आधीचे दिवस. सोयाबीनची सुडी शेतात उभी होती आणि तिच्यावर पाऊस झाला. दाणा काळा पडला तर भाव काय मिळतो ते सोयाबीनवाल्या कुणालाही विचारा. मामा मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. मला हे मामीकडून कळलं, तेही पुढच्या उन्हाळ्यात.

दुरुस्ती बसस्टँडजवळच्या एका दुकानदारानं केली. त्यानं बॅटरी काढली, खालच्या स्टिकरवरचे दोन्ही क्रमांक वाचले, तेच परत भरले. मला म्हणाला, ‘‘कायले हात लावला बे याले? आधी एनव्हीरॅमचा बॅकअप घ्या लागते.’’ आता अभ्यास करताना मला या कारागिरीचं मूळ शोधावंसं वाटतं. २००९ मध्ये आयएमईआय नसलेले चिनी फोन बंद पडणार म्हटल्यावर मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनं सरकारच्या परवानगीनं अशा फोनांत अस्सल क्रमांक शुल्क घेऊन भरून देण्याची योजना चालवली होती. म्हणजे क्रमांक भरणं हे काम एकदा राजरोस झालेलं आहे. पुढे २०१७ च्या नियमांनी आयएमईआयमध्ये मुद्दाम फेरफार करणं हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा ठरवला. चोरीचे फोन पाहता ते योग्यच. पण पुसलेला स्वतःचाच क्रमांक परत मिळवायला आलेला माणूस आणि चोर दुकानाच्या काउंटरवर सारखेच दिसतात, आणि दुकानदार दोघांनाही ‘नाही होत’ सांगून मोकळा होतो.

पुराव्यांचं म्हणालो होतो, ते इथं. फोन अडकला की तो कुठं अडकला हे आधी पाहायचं. कंपनीच्या स्थिर चित्रावरच थांबला तर दोष कर्नल किंवा त्याच्याही खालच्या थरात. हलणाऱ्या चित्रापर्यंत आला आणि तिथंच घुटमळला तर कर्नल ठीक, दोष सिस्टिममध्ये. मग शेवटचा बदल कोणता केला ते आठवायचं आणि तेवढाच उलटवायचा. कर्नल मरताना काय बोलला याची नोंदही जुन्या बऱ्याच फोनांत ‘लास्ट केएमएसजी’ नावानं राहायची. ती मेमरीत असते. फोन नुसता रीबूट झाला तर टिकते. बॅटरी काढली की जाते. आणि फोन अडकल्यावर आपण सगळ्यात आधी काय करायचो? बॅटरी काढायचो. त्या काळातल्या किती बिघाडांची कारणं त्या एका सवयीनं पुसली असतील! मी ज्या विषयावर प्रबंध लिहितोय त्याचं निम्मं दप्तर असं नखानं उचकटून फेकलेलं आहे.

चौथ्या टप्प्याबद्दल थोडक्यात, कारण तो तुम्हाला माहीत असेल. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली, ३० डिसेंबरला भीम ॲप आलं, आणि बँक फोनमध्ये शिरली. बँकांच्या ॲपना रूट चालत नाही. त्यांचं चुकत नाही. शून्य क्रमांकाचा अधिकार चोरट्या ॲपला मिळाला तर खातं साफ. त्याच २०१६ मध्ये जॉन वू या तैवानी विद्यार्थ्याचं मॅजिस्क आलं, जे मूळ सिस्टिमला हात न लावता रूट द्यायचं आणि बँकेपासून लपवायचंही. गूगलनं तपासणी कडक केली, की लपवण्याची नवी तऱ्हा निघायची, की पुन्हा तपासणी. २०२१ मध्ये वू स्वतःच गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षेच्या कामात रुजू झाला आणि लपवण्याचा तो भाग त्यानं मॅजिस्कमधून काढून टाकला.

या टप्प्यात दुकानात येणारी तक्रार उलटी झाली: ‘रूट काढून द्या.’ आणि रूट काढून भागत नाही. बूटलोडर उघडा असला तरी ॲपला कळतं. तो कुलूपबंद करायचा तर आधी सिस्टिम अगदी कंपनीची, जशीच्या तशी बसवावी लागते. बदललेल्या सिस्टिमवर कुलूप लावलं तर फोन स्वतःलाच ओळखत नाही आणि सुरू व्हायला नकार देतो. त्यावर पुन्हा कुलूप उघडा म्हणावं, तर काही फोनांत तो पर्यायच सुरू झालेल्या फोनच्या सेटिंगमध्ये असतो. आमच्या दुकानदाराच्या मते एवढी कटकट डब्यांच्या काळातही नव्हती.

मामाचा तो फोन मी मागून घेतलाय. प्रबंधासाठी त्यातून काही निघेल असं वाटलं होतं, पण तो आता चालूच होत नाही आणि बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलंय. ती काढून पाहिली. खाली स्टिकर शाबूत आहे, पंधरा-पंधरा आकड्यांच्या दोन ओळी, आणि कडेला दुकानदारानं बॉलपेननं केलेली बरोबरची खूण.