कालबाह्य व्हिडिओ साधनांचा संग्रह : आकर्षण आणि मर्यादा

संग्रहातील वस्तू स्वतः वाचता येते, की ती वाचण्यासाठी दुसऱ्या वस्तूची गरज लागते, यावर त्या संग्रहाचे भवितव्य अवलंबून असते. मोडी लिपी न जाणणाऱ्यासही मोडी कागदावरील अक्षरे दिसतात. आज जाणकार भेटला नाही तर उद्या भेटेल, या भरवशावर तो कागद बासनात बांधून ठेवता येतो. चुंबकीय फितीवर मात्र डोळ्यांस काहीच दिसत नाही. तिच्यावरील लेख यंत्रानेच वाचावयाचा असतो. यंत्र नाहीसे झाले की फीत शाबूत असूनही मुकी होते. गेल्या अर्धशतकात घरोघरी आलेल्या आणि तितक्याच वेगाने अडगळीत गेलेल्या व्हिडिओ साधनांचा संग्रह करणाऱ्यांस ज्या आकर्षणाने ओढले आणि ज्या अडचणींनी घेरले, त्या दोहोंचे मूळ या भेदात आहे.

या साधनांचा इतिहास थोडक्यात असा. सोनी कंपनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स हे घरगुती मुद्रणयंत्र बाजारात आणले. पुढील वर्षी जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस पद्धती आणली. दोहोंतील फितीची रुंदी अर्धा इंचच. परंतु कॅसेटचा आकार व फीत फिरविण्याची रीत भिन्न असल्याने एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात चालत नसे. प्रारंभी बीटामॅक्सच्या कॅसेटवर एका तासाचे मुद्रण होई, व्हीएचएसवर दोन तासांचे. बहुतेक चित्रपट एका कॅसेटवर मावू लागणे हे व्हीएचएसच्या विजयाचे एक प्रमुख कारण ठरले. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेतील अटलांटा शहरी लेसर किरणाने वाचावयाच्या, ३० सेंटिमीटर व्यासाच्या तबकड्यांची विक्री सुरू झाली. त्याच पुढे लेसरडिस्क या नावाने रूढ झाल्या. १९८१ मध्ये आरसीए कंपनीने सुईने वाचावयाची चित्रतबकडी आणली. तिच्या यंत्रांचे उत्पादन १९८४ मध्येच थांबले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, दूरचित्रवाणीचा कार्यक्रम घरी मुद्रित करून सवडीने पाहणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असा निर्णय ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. पुढे डीव्हीडीने या सर्वांस मागे सारले. सोनीने बीटामॅक्स यंत्रांचे उत्पादन २००२ मध्ये आणि कॅसेटचे २०१६ मध्ये बंद केले. २०१६ मध्येच जपानच्या फुनाई कंपनीनेही व्हीएचएस यंत्रे बनविणे थांबविले.

अशा मृतप्राय वस्तू जमविण्यामागे केवळ बालपणाच्या आठवणींची ओढ असते, असे म्हणणे एकांगी होईल. या संग्रहास पाठचिकित्सेच्या दृष्टीनेही मोल आहे. चित्रपट हा एकच एक स्थिर पाठ आहे, ही समजूत बरोबर नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटात १९९७ मध्ये बरेच फेरफार करण्यात आले आणि पुढील गृहप्रकाशनांत प्रायः तोच सुधारित पाठ येत राहिला. २००६ मध्ये मूळ पाठ डीव्हीडीवर पूरक म्हणून दिला गेला, तोही १९९३ च्या लेसरडिस्कसाठी सिद्ध केलेल्या मुद्रणावरून. क्रायटेरियन या प्रकाशनसंस्थेने १९८४ मध्ये ‘किंग काँग’ च्या तबकडीवर चित्रपटाच्या समांतर बोललेली अभ्यासकाची टिप्पणी प्रथम दिली. याच संस्थेने १९९१ मध्ये काढलेल्या पहिल्या तीन जेम्स बाँड चित्रपटांच्या तबकड्या मात्र त्यांवरील टिप्पण्यांस हरकत घेतली गेल्याने मागे घ्याव्या लागल्या. अशा टिप्पण्या ऐकावयाच्या तर जुनी तबकडीच गाठावी लागते. उत्तरकालीन प्रतीत गळलेला पाठ जुन्या पोथीत सापडावा, तसाच हा प्रकार आहे.

याहून महत्त्वाचे आहे ते घरोघरी केलेले मुद्रण. फिलाडेल्फियातील मॅरियन स्टोक्स या पूर्वाश्रमीच्या ग्रंथपाल बाईंनी सुमारे तीन दशके, २०१२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत, दूरचित्रवाणीवरील बातम्या अहोरात्र मुद्रित केल्या. त्यांच्या मागे बीटामॅक्स व व्हीएचएसच्या सुमारे ७०,००० कॅसेट उरल्या आणि त्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या. प्रसारण संस्थांनी स्वतः जे सलगपणे जपले नाही, ते एका घरात जपले गेले. भारतातही १९८८ मध्ये सुरू झालेले ‘न्यूजट्रॅक’ आणि त्यानंतरचे हिंदी ‘कालचक्र’ ही नियतकालिके व्हीएचएस कॅसेटवरच निघत. दूरदर्शन ही सरकारी संस्था एकमेव प्रसारक असताना स्वतंत्र चित्रवार्तेचे ते पहिले प्रयत्न होत. त्या काळचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास ही कॅसेट वृत्तपत्राच्या जुन्या अंकाइतकीच साधनभूत आहे.

आता दुसरी बाजू. फितीवरील चुंबकीय कण ज्या बंधक द्रव्याने चिकटविलेले असतात, ते हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होते. फीत चिकट बनते आणि कण सुटू लागतात. दमट हवेत बुरशीही धरते. कोकणातील वा मुंबईतील घरात हा धोका विशेष. लेसरडिस्कच्या दोन थरांमधील सरस बिघडला की आतील ॲल्युमिनियमचा परावर्तक लेप गंजतो. आरसीएच्या तबकडीवर सुई प्रत्यक्ष घासली जात असल्याने दर वाचनागणिक झीज ठरलेलीच. फीतही फिरत्या मुद्रकशीर्षाला घासूनच वाचली जाते. ग्रंथ वाचल्याने झिजतो तो नाममात्र. येथे मात्र वाचन हीच झीज आहे. शिवाय प्रसारणपद्धतींचा भेद आहेच. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने तेथील ५२५ रेषांच्या एनटीएससी पद्धतीत मुद्रित केलेला समारंभ भारतातील ६२५ रेषांच्या पाल पद्धतीच्या साध्या यंत्रावर दिसत नसे.

या नैसर्गिक नाशात बाजाराने एक विपरीत भर घातली आहे. २०२२ मध्ये ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटाची वेष्टन न फोडलेली व्हीएचएस कॅसेट अमेरिकेतील लिलावात ७५,००० डॉलरला विकली गेली. अशा कॅसेटची किंमत ती कधीही वाचली न गेल्यामुळे वाढते. आतील फीत सुस्थितीत आहे की नाही, हे पाहू जाताच मोल उतरते. उलट, ज्या घरगुती कॅसेटवर एखाद्या दिवसाची बातमीपत्रे अन्यत्र नसलेल्या रूपात उरली असतील, तिला बाजारात भाव नाही. बाजारमूल्य आणि साधनमूल्य यांची इतकी फारकत इतर संग्रहांत क्वचितच आढळते. संग्राहक केवळ पहिल्याच्या मागे लागला, तर तो वस्तू जतन करील आणि तिच्यातील लेख गमावील.

या कोंडीतून वाट नकलेची आहे. आपल्याकडील प्राचीन ग्रंथ टिकले ते मूळ पाने अमर होती म्हणून नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या लेखकू नकला करीत राहिले म्हणून. फितीची अंकीय नक्कल करण्यास मात्र तिच्या लांबीइतकाच वेळ लागतो. तासाभराच्या कॅसेटला तास द्यावाच लागतो. कायद्याची चौकटही ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेच्या कायद्याने १९९८ मध्ये ‘कालबाह्य’ या शब्दाची जी व्याख्या केली, ती मार्मिक आहे : ज्या स्वरूपातील कृती वाचण्याचे यंत्र बनेनासे झाले, किंवा बाजारात रास्तपणे मिळेनासे झाले, ते स्वरूप कालबाह्य, आणि अशा कृतीची प्रत दुसरीकडे रास्त किमतीत मिळत नसेल, तर ग्रंथालयास तिच्या मर्यादित नकला करता येतात. भारतातही २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास, आपल्याजवळ असलेल्या अन-अंकीय प्रतीची जतनासाठी अंकीय साठवण करण्याची मुभा मिळाली. ही मुभा ग्रंथालयास आहे. वस्तू मात्र बहुधा खाजगी संग्राहकाच्या कपाटात आहेत.

२०१५ मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने प्रामुख्याने भयपटांच्या सुमारे २,७०० व्हीएचएस कॅसेट आपल्या संग्रहात घेतल्या. खाजगी आवडीची वस्तू विद्यापीठीय साधन होऊ शकते, याचे ते उदाहरण होय. आपल्याकडील ग्रंथालयांनीही हे काम हाती घेणे अगत्याचे आहे. फितीला मोडीच्या कागदाप्रमाणे उद्याच्या वाचकाची वाट पाहता येत नाही. चालते यंत्र, ते दुरुस्त करू शकणारा कारागीर आणि केव्हा, कोठे, कशावरून मुद्रित केले याची नोंद, ही तिन्ही फितीबरोबर जो जपतो, त्याचाच संग्रह पुढील अभ्यासकाच्या उपयोगी पडेल.