शिलाहारांनंतरचे जैन गाव

दक्षिण महाराष्ट्रातल्या जैन धर्माचा इतिहास बहुधा राजांच्या हिशेबाने लिहिला जातो: राष्ट्रकूट-शिलाहारांच्या आश्रयाने तो वाढला, आश्रय सुटला तसा ओसरला. यातला पूर्वार्ध शिलालेखांवर भक्कम उभा आहे. शिलाहार विजयादित्याच्या ११४३ सालच्या कोल्हापूर लेखात वासुदेव नावाच्या गृहस्थाने बांधलेल्या बस्तीला, म्हणजे जैन मंदिराला, जमीन दिल्याची नोंद आहे. पूजा, बस्तीची डागडुजी आणि मुनींचा आहार हे तिचे हेतू. तेरदाळला ११२३ मध्ये मांडलिक गोंकाने नेमिनाथाची बस्ती उभारली, तर बेळगावची कमल बस्ती १२०४ मध्ये रट्ट राजांच्या मंत्र्याने. मग १२१२च्या सुमारास यादव राजा सिंघणाने शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा पाडाव केला आणि कोल्हापूरच्या जैनांचा राजाश्रय संपला. त्याआधीच वीरशैव चळवळीने कल्याणहून (आजच्या बसवकल्याणहून) गावोगाव मूळ धरले होते. पण आश्रय हेच सर्वस्व असते, तर शिरोळ, हातकणंगले, चिकोडी या पट्ट्यात आज जैन शेतकरी आणि जैन पाटील दिसले नसते. ओसरला तो दरबारी जैन धर्म. चतुर्थ आणि पंचम या जैन जातींतल्या कुळवाड्यांचा धर्म मात्र कृष्णा-पंचगंगेच्या काळ्या रानात टिकला. दगडावर नाव कोरून घेण्याची ऐपत त्याच्याकडे नव्हती, म्हणून लेखांवर विसंबणाऱ्या इतिहासाला तो दिसत नाही.

यावर पहिली शंका अशी, की नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव मरत असताना शेतकरी जैन कसा? श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थांच्या आचारनियमांत, याचे स्पष्ट उत्तर आहे. संकल्पपूर्वक केलेली हिंसा गृहस्थाला वर्ज्य. उपजीविकेच्या उद्योगात घडणारी हिंसा त्याने कमी करत न्यायची, पण त्यापायी तो धर्माबाहेर पडत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावात उपाध्ये, म्हणजे जैन पुरोहित, लग्न लावतात, घरोघरी पद्मावतीची आणि क्षेत्रपालाची पूजा चालते. मग टिकले ते जैनत्व की नुसते जातीचे नाव? माझ्या मते हा आक्षेप इतिहास उलटा वाचतो. गर्भाधानापासूनच्या गृहस्थ-संस्कारांची मांडणी जिनसेनांनी नवव्या शतकात आदिपुराणातच केली होती, म्हणजे राजाश्रय ऐन भरात असताना. पद्मावती तर पार्श्वनाथाचीच यक्षी. जन्म, लग्न, मृत्यू या प्रसंगी आपलाच विधी आणि आपलाच उपाध्ये असल्यामुळे कुटुंबाला दुसऱ्या धर्माच्या दारात जावे लागले नाही. नांदणी आणि कोल्हापूरच्या मठांचे प्रमुख, म्हणजे भट्टारक, या गावांना एकत्र बांधून राहिले.

तरीही नुकसान झालेच, आणि ते मोठे होते. दिगंबर मुनींची परंपरा विसाव्या शतकाच्या आरंभी विझत आली होती. भट्टारकांनी मठ सांभाळले, पण नग्न मुनींचा विहार जवळपास थांबला. ती परंपरा पुन्हा उभी करणारा माणूस राजधानीतून किंवा व्यापारी पेठेतून आला नाही. चिकोडी भागातल्या भोज गावच्या पाटील घराण्यात, शेती करणाऱ्या चतुर्थ कुळात १८७२ साली जन्मलेले सातगौडा १९२० मध्ये मुनी झाले. पुढे आचार्य शांतिसागर म्हणून ते दक्षिणेतून उत्तर भारतापर्यंत पायी फिरले.