पाहुण्यांची खोली आणि घरमालकाचा कॅमेरा

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील घोडेगाव (ता. नेवासा) कांद्याचे लिलाव आणि जनावरांचा बाजार यांसाठी जेवढे परिचित आहे, तेवढेच शनिशिंगणापूरकडे वळण्याचे ठिकाण म्हणूनही. येथून शिंगणापूर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. शनी अमावास्येला या रस्त्यावर भाविकांची रीघ लागते. तीर्थक्षेत्रांच्या अशा परिसरात राहत्या घरातील एक-दोन खोल्या रात्रीपुरत्या भाड्याने देणे हा अनेक कुटुंबांचा जोडधंदा असतो. भाडेकरू अनोळखी, मुक्काम एका रात्रीचा आणि घरात चीजवस्तू; तेव्हा घरमालकास कॅमेरा बसवावासा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तो कोठे बसवावा आणि कोठे बसवू नये, याविषयी बऱ्याच जणांची कल्पना धूसर असते. ‘घर माझे, तेव्हा कॅमेराही माझ्या मर्जीने’ हा समज तर सर्वांत घातक.

शिंगणापूरचे उदाहरण येथे मोठे बोलके आहे. या गावातील घरांना परंपरेने चौकटी असतात, कवाडे नसतात. युको बँकेने जानेवारी २०११ मध्ये येथे उघडलेली ‘कुलूपविरहित’ शाखा देशभर गाजली. पुढे चोरीच्या तक्रारी होऊ लागल्या आणि सप्टेंबर २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणेही मिळाले. पण कवाड नसले म्हणजे उंबरठा नाही, असे कोणी मानत नाही. हाक मारल्यावाचून परक्याच्या घरात पाऊल टाकू नये, हा खेड्यापाड्यांतला रिवाज दारांवर अवलंबून नाही. कॅमेऱ्याचे नियम पाहिले, तर तेही याच उंबरठ्यापाशी येऊन थांबतात.

केवळ भाड्याच्या खोल्यांतील कॅमेऱ्यांसाठी असा स्वतंत्र कायदा देशात नाही. तरतुदी निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेल्या आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई ऑक्टोबर २००९ पासून अमलात आहे. कोणाही व्यक्तीच्या, मग ती स्त्री असो वा पुरुष, शरीराच्या खासगी भागाचे संमतीवाचून चित्रण करणे, ते प्रसिद्ध करणे वा इतरांस पाठविणे हा या कलमान्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. स्त्रियांच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे. भारतीय दंड संहितेत २०१३ मध्ये आलेले कलम ३५४ क आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ७७ म्हणून आले आहे. स्त्रीला खासगीपणाची अपेक्षा असते अशा ठिकाणी, विवस्त्र वा केवळ अंतर्वस्त्रांत असताना किंवा शौचालयात असताना तिला चोरून पाहणे अथवा तिचे चित्रण करणे यासाठी पहिल्याच वेळी किमान एक वर्ष आणि कमाल तीन वर्षे कैद आहे. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास ती तीन ते सात वर्षे होते.

तीर्थक्षेत्री ही बाब विशेष गंभीर ठरते. स्नान करून, वस्त्रे बदलून दर्शनास जाणे हा येथला नित्यक्रमच आहे. भाविकाने घेतलेली खोली म्हणजे त्या रात्रीपुरते त्याचे माजघर. न्हाणीघर, शौचालय आणि निजण्याची खोली येथे कॅमेरा असूच शकत नाही. ‘आधी सांगितले होते’ या सबबीवरही घरमालकाने तो तेथे ठेवू नये. अंगणातला कॅमेराही खिडकीतून आत पाहत असेल, तर तो अंगणातला राहत नाही.

एअरबीएनबी या संकेतस्थळाचा नियम याहून पुढे जातो. पूर्वी दिवाणखाना, घरातील मार्गिका अशा सामायिक जागांत, आगाऊ सांगून व दिसेल असा कॅमेरा ठेवण्यास मुभा होती. ३० एप्रिल २०२४ पासून जगभर घराच्या आतील सर्व कॅमेऱ्यांना मनाई झाली. बंद ठेवलेला कॅमेराही चालत नाही. बाहेरचा कॅमेरा चालतो, पण तो कोठे आहे हे जाहिरातीतच सांगावे लागते. नियम मोडल्यास घराची नोंदणी रद्द होऊ शकते. हा एका खासगी कंपनीचा नियम आहे, कायदा नव्हे. फोनवरून किंवा वाहनचालकाच्या ओळखीने खोली देणाऱ्यास तो लागू नाही. तरीही त्याने तो स्वतःहून पाळावा हे उत्तम, कारण त्यातून वादाचे मूळच उरत नाही.

मग कॅमेरा कोठे? प्रवेशद्वार, वाहने उभी करण्याची जागा, जिन्याचे तोंड. तोंड बाहेरच्या बाजूस, शेजाऱ्याचे अंगण टाळून. ‘येथे कॅमेऱ्याद्वारे चित्रण होते’ अशी मराठी आणि हिंदी पाटी लावावी; खोली देतानाही तोंडी सांगावे. ध्वनिमुद्रणाची सोय असल्यास ती बंद ठेवावी. चोर पकडण्यास पाहुण्यांचे बोलणे ऐकण्याची गरज नसते.

चित्रण सांभाळणे ही बसविण्यापेक्षा अवघड जबाबदारी आहे, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण चोरून विकले गेल्याचे उघड झाले. कारखान्यातून आलेला सोपा परवलीचा शब्द तसाच ठेवल्याने असे प्रकार सुकर होतात. तो पहिल्याच दिवशी बदलावा, आणि कॅमेरा बसविणाऱ्या कारागिराकडे तो राहू देऊ नये. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने अठरा महिन्यांनंतर लागू होतात. निव्वळ घरगुती वापरास या कायद्यातून सूट आहे. भाडे घेऊन खोली देणाऱ्याने मात्र त्या सुटीवर विसंबू नये. चोरी झाल्यास चित्रण पोलिसांना देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर न्यायालयात चित्रणाचा उपयोग होणे कठीण. पाहुण्यांचे चित्रण गावातील व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे हा तपास नव्हे.

पाहुण्यास खोलीत संशयास्पद उपकरण आढळल्यास त्याने ते मोडू नये, उचलूही नये. त्याचे छायाचित्र घेऊन ११२ क्रमांकावर कळवावे. दर्शन आटोपून गावी परतल्यावर प्रकार लक्षात आला, तरी नेवाशास पुन्हा येण्याची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविता येते आणि ती पुढे संबंधित ठाण्याकडे वर्ग होते.