चेंबरचा नट आणि त्याच्या जागी आलेली तोटी

भिवंडीच्या वेशीवर अंजूरफाट्याला ठाण्याकडून, वसईकडून आणि माणकोलीकडून येणारे रस्ते एकत्र मिळतात. फाट्याला ज्या गावाचं नाव मिळालं ते अंजूर म्हणजे गंगाजी नाईक अंजूरकरांचं गाव. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेमागे अंजूरकरांची खटपट होती. आज ‘अंजूर’ ही पाटी सगळ्यात जास्त वाचतात ते ट्रक आणि टेम्पोवाले. आसपासच्या भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली, गोदामांमागून गाड्या आल्या आणि गाड्यांमागून गॅरेजं. गॅरेजात ऑइल बदलायचं काम कधी संपत नाही, आणि ते काम सुरू होतं एका नटापासून. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं जे भांडं असतं त्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. त्याच्या बुडाला असलेला चेंबरचा नट काढला की जुनं ऑइल खाली येतं. या नटाच्या जागी आता काही ठिकाणी छोटी पितळी तोटी दिसू लागली आहे. तिचं कूळ शोधत गेलं तर माग थेट रोमन काळापर्यंत लागतो.

आधी नटाचं काम जवळून बघू. मिस्त्री पाठीवर सरकत गाडीखाली जातो, सतराचा किंवा एकोणीसचा रिंग पाना लावतो आणि एक झटका देतो. नट सैल झाला की पाना बाजूला ठेवून पुढचं काम बोटांनी. शेवटचे दोन आटे उरले की नट आत दाबून धरत फिरवायचा आणि सगळे आटे सुटल्यावर हात एकदम बाजूला घ्यायचा. कसब आहे ते एवढ्याच क्षणात. वेळ चुकली तर गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत उतरतं आणि नट खालच्या डब्यात पडतो. मग काळ्या ऑइलात हात घालून तो चाचपायचा.

भाजणं दोन दिवसांत बरं होतं. आटे मात्र गेले की गेले. नट पोलादाचा असतो, पुष्कळ गाड्यांचा चेंबर ॲल्युमिनियमचा. मोटरसायकलींचं तर सगळं क्रँककेसच ॲल्युमिनियमचं. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांत फिरले की झिजतं ते ॲल्युमिनियम. नटाखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर असतो. तो दाबला गेल्यावर दोन्ही पृष्ठभागांमधली फट भरतो, म्हणून दर वेळी नवा घालायचा असतो. पण घाईत जुनाच परत जातो. तो आधीच चेपलेला असल्यामुळे ऑइलचा थेंब झिरपतो, थेंब दिसला की पाना आणखी ओढला जातो, आणि ओढाताणीत आटे ताणले जातात.

कंपन्या लहान गाड्यांसाठी साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटर इतका पीळ सांगतात. म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला अठरा-वीस किलोचा जोर. त्याच पान्यात पाइप घालून लांबी तिप्पट केली की तेवढ्याच जोराने पीळही तिप्पट होतो. मग एखाद्या सर्व्हिसिंगला मिस्त्री खालून सांगतो, ‘‘शेठ, आटे गेलेत.’’ त्यावर टॅप मारून एक साइज मोठा नट घालणं, हेलिकॉइल म्हणजे तारेचे नवे आटे बसवणं किंवा चेंबरच बदलणं, एवढेच उपाय उरतात.

अति आवळण्याचा हा रोग गाड्यांपुरता नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात कॉनराड बार नावाचा माणूस होता. जमिनीखालच्या जलवाहिन्यांचे बोल्ट कामगार इतके आवळत की ते तुटत. त्यावर उपाय म्हणून त्याने १९१८ मध्ये पीळ मर्यादेत ठेवणारं हत्यार तयार केलं, असं सांगतात. आजचा टॉर्क रेंच त्याच कल्पनेतला. शंभर वर्षं उलटून गेली तरी चेंबरचा नट आवळताना पुष्कळ ठिकाणी तो खोक्यातच राहतो.

दोष नटाचा नाही. त्याच्यावर दोन कामं लादली आहेत, खरी अडचण ती. हजारो किलोमीटर हादरे खात त्याने घट्ट बसायचं, आणि दर सर्व्हिसिंगला पूर्ण फिरून बाहेरही यायचं. बसण्याचं काम एकाकडे आणि फिरण्याचं दुसऱ्याकडे दिलं तर आटे एकदाच वापरले जातील. तोटीमागचा सगळा विचार एवढाच आहे आणि तो फार जुना आहे.

इटलीतल्या नेमी सरोवराच्या तळाशी रोमन सम्राट कॅलिग्युलाची दोन जहाजं होती. विसाव्या शतकात सरोवराचं पाणी उपसून ती बाहेर काढली, तेव्हा त्यांत काशाचा एक कॉक सापडला. बाहेर घर, आत निमुळता खुंटा, खुंट्याला आरपार भोक. खुंटा पाव फेरा फिरवला की भोक नळीच्या रेषेत येतं आणि पाणी वाहतं, आणखी पाव फेऱ्यात बंद. घर नळीत कायमचं बसलेलं, फिरतो फक्त खुंटा. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या सगळ्या तोट्यांचा मूळपुरुष हाच.

आपल्या भागात आगगाडी आली तीही असे कॉक घेऊन. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. वाफेच्या इंजिनात सिलिंडरच्या तळाशी पाणी सोडायचे कॉक असत. इंजिन थंड असताना वाफेचं पाणी होऊन ते सिलिंडरमध्ये साचतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून दट्ट्या त्यावर आदळला तर सिलिंडरचं झाकण उडू शकतं. त्यासाठी निघताना हे कॉक उघडत. स्टेशनातून सुटणाऱ्या इंजिनाच्या पुढच्या बाजूने वाफेचे फवारे दिसत ते त्यातूनच.

मोटारगाडीत कॉक आला, पण पाण्यासाठी. थंड देशांत रात्री पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटायचा, म्हणून रेडिएटरला आणि ब्लॉकला तोटी दिली आणि लोक रात्री पाणी सोडून ठेवू लागले. त्याच परंपरेतून आपल्याकडच्या ॲम्बॅसेडरलाही पाण्याची तोटी आली, जिथे पाणी गोठायचा प्रश्नच नव्हता. ऑइलला मात्र नटच राहिला. अपवाद म्हणावा तर फोर्डच्या मॉडेल टीचा. १९०८ साली आलेल्या या गाडीला ऑइल मोजायची पट्टी नव्हती, खाली-वर दोन छोटे कॉक होते. खालच्यातून ऑइल आलं आणि वरच्यातून आलं नाही, तर पातळी बरोबर. पण ते कॉक मोजण्यापुरते. चेंबर रिकामा करायला तिथेही आट्यांचं बूच काढावं लागे.

पाण्याला तोटी आणि ऑइलला नट, या भेदामागे कारण होतं. पाणी गळलं तर इंजिन तापतं, वाफ दिसते, गाडी थांबवता येते. ऑइल गेलं तर काही मिनिटांत बेअरिंग धरतात आणि इंजिन जाम होतं. त्यात जुना कॉक म्हणजे धातूवर धातू घासलेला. गरम आणि पातळ झालेलं ऑइल त्या फटीतून वाट काढणारच. शिवाय हा भाग गाडीच्या सगळ्यात खालच्या अंगाला. दगड लागून दांडी फिरली तर? नटाला न दांडी, न फट. इंजिनिअरांनी नटावर विश्वास टाकला तो आळसाने नव्हे.

हा हिशेब बदलला तो चेंडूमुळे. निमुळत्या खुंट्याऐवजी भोक पाडलेला गोल चेंडू वापरायची कल्पना एकोणिसाव्या शतकातलीच, अमेरिकेत १८७१ साली तिचं पेटंटही झालं होतं. पण धातूच्या बैठकीत धातूचा चेंडू घट्ट बसेना. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यू पाँट कंपनीत रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाच्या हाती अपघाताने टेफ्लॉन लागलं. गुळगुळीत, उष्णता सोसणारं, तेलाला दाद न देणारं. १९५४ मध्ये हॉवर्ड फ्रीमन याने जेम्सबरी कंपनी काढून टेफ्लॉनच्या मऊ बैठकीतला बॉल व्हॉल्व्ह कारखान्यांत रुजवला. मग पाव फेऱ्यात उघडणारी आणि बंद केल्यावर थेंबही न सोडणारी तोटी सर्रास मिळू लागली. आज आपल्या घरातल्या पाण्याच्या टाकीखालीही हीच तोटी असते.

मोटारीच्या चेंबरला ती नीट बेतून बसवली जपानी लोकांनी. १९७६ साली सुरू झालेल्या फुमोतो कंपनीची पितळी तोटी या जातीतली सगळ्यात प्रसिद्ध. एका टोकाला आटे, ते नटाच्या जागी कायमचे बसतात. मध्ये चेंडू आणि बाहेर छोटी दांडी. दांडी चुकून फिरू नये म्हणून ती खाचेत अडकलेली असते आणि आतली स्प्रिंग तिला तिथेच धरून ठेवते. उघडायची तर दांडी आधी खाचेतून सोडवायची आणि मग पाव फेरा द्यायचा. हादऱ्याने किंवा खड्ड्याने या दोन हालचाली ओळीने होत नाहीत. ज्यांना तेवढ्यानेही धीर येत नाही त्यांच्यासाठी दांडीवर बसणारी क्लिप मिळते. जर्मनीच्या स्टालबुसने वेगळी वाट काढली. तिथे दांडीच नाही. झाकण काढून नळी आट्यांवर बसवली की आतली झडप ढकलली जाते, आणि नळी काढली की स्प्रिंग ती बंद करते.

लहान विमानांत अशी सोय सर्रास असते. सेस्ना १७२ सारख्या विमानांच्या इंजिनाचं ऑइल साधारण दर ५० तासांच्या उड्डाणानंतर बदलतात. आकाशात ऑइल गळलं तर गाडी बाजूला घ्यायची सोय नाही, तरीही तिथे तोटीवर भरवसा आहे. ‘तोटी आपोआप उघडेल’ या भीतीला हे पुरेसं उत्तर आहे.

तोटीचा आणखी एक उपयोग मोठ्या गाड्यांच्या मालकांना कळतो. ऑइल न बदलता त्याचा नमुना काढता येतो. इंजिनातला कुठला भाग झिजतोय ते ऑइलमधल्या लोखंड, तांबं, शिसं यांच्या कणांवरून कळतं. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांसाठी ही तपासणी सुरू केली, आणि आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही तिच्यासाठी प्रयोगशाळा असतात. ज्याच्या दारात दहा-वीस ट्रक उभे आहेत त्यानेही हे करण्याजोगं आहे. नट काढून कपभर नमुना घेणं अवघड, तोटीतून घेणं सोपं.

आता तोटीच्या उण्या बाजू. तिचं भोक नटाच्या भोकापेक्षा लहान, त्यामुळे ऑइल सावकाश उतरतं. थंड आणि घट्ट ऑइल असेल तर फारच सावकाश, म्हणून इंजिन कोमट असताना काम करावं. आट्यांचं टोक चेंबरच्या आत थोडं वर आलं तर तळाशी जरासं ऑइल राहून जातं. काही नटांना लोहकण धरणारं चुंबक असतं, ते जातं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जमिनीपासूनच्या उंचीची. तोटी नटापेक्षा खाली लोंबते. ज्या गाडीचा चेंबर गतिरोधकाला घासतो आणि ज्याखाली संरक्षक पत्रा नाही, त्या गाडीला ती लावू नये. पाव फेऱ्याची सोय मिळवताना चेंबरच फुटला तर सौदा महागात पडला.

लावायचीच तर आट्यांचं माप आधी बघा. मारुती, होंडा, ह्युंदाई यांच्या बऱ्याच गाड्यांत १४ मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतात, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत १२ आणि सव्वा. पण अंदाजाने घेऊ नका, जुना नट दुकानात घेऊन जा. बसवताना आटे आधी हाताने, अडथळा न येता आत गेले पाहिजेत. पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे पाइप घालून ओढायचा मोह इथे तर अजिबात नको. इंजिन चालू करून पाच मिनिटांनी, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा, खाली वाकून बघा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

तोटीला नळी जोडली की जुनं ऑइल सरळ कॅनमध्ये जातं, जमिनीवर सांडत नाही. खाडीकाठच्या अंजूरसारख्या भागात, जिथे गोदामांच्या मधूनमधून अजून शेतं आहेत, ही लहान गोष्ट नाही. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर त्याच्या पुनर्वापराची जबाबदारीही आली आहे. कॅनमधलं ऑइल नोंदणीकृत गोळा करणाऱ्याकडे जाऊ शकतं, गटारात गेलेलं नाही.

थोडक्यात, वर्षातून एकदा ऑइल बदलणाऱ्या घरच्या गाडीला जुना नट पुरेसा आहे. ज्याची गाडी महिन्याला हजारो किलोमीटर पळते, ज्याच्याकडे चार-सहा टेम्पो आहेत किंवा ज्याच्या चेंबरचे आटे एकदा दुरुस्त करून झाले आहेत, त्याने तोटी जरूर लावावी. आणि तोटी लावा न लावा, पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीला एवढं नक्की सांगा: वायसर नवा टाक, आणि पान्यात पाइप घालू नकोस.