लांबलचक सरळ रेषा

तोच तोपणाने माणूस कंटाळतो, हा सिद्धान्त मांडणाऱ्या विद्वानाने बँकेत नोकरी केलेली नसावी. मी बी.कॉम. झाल्यापासून शिक्के मारतो आहे. पन्नासएक चेक झाले की हाताला आपोआप ठेका सापडतो. पॅड, चेक, पॅड, चेक! हात कामाला लागले की मन सुटते आणि कुठेही हिंडून येते.

त्यामुळे भाच्याने 'पोस्ट रॉक' नावाचे, शब्दांवाचून वाजणारे संगीत ऐकवताना "मामा, यात फारसं काही घडत नाही हं," असा इशारा दिला, तेव्हा मी म्हटले, "लाव तू. काही न घडण्याचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे."

या संगीताच्या एका मूळपुरुषाचा पत्ता ड्युसेलडॉर्फचा निघतो. १९७१ साली तिथे क्लाउस डिंगर हा ड्रमवाला आणि मिखाएल रोथर हा गिटारवाला, अशा दोघांनी भागीदारी केली. नाव 'नॉय!' म्हणजे 'नवे!' उद्गारचिन्हासकट. रोथरने लहानपणी काही काळ कराचीत काढला होता. तिथल्या, सुरुवात ना शेवट अशा संगीताने आपल्याला भुरळ घातली, असे त्याने पुढे सांगितले आहे. पोरे महायुद्धानंतर जन्मलेली. वडील पिढीचा वारसा मिरवण्याजोगा नव्हता आणि इंग्रजी-अमेरिकन रॉक वाजवावे तर सगळी उसनवारी. तेव्हा जुनी खाती बंद करून शून्य शिलकीवर नवे खाते उघडण्यावाचून इलाज नव्हता.

आता 'नवे!' म्हणवणाऱ्यांनी केले काय? तर दहा मिनिटे तेच वाजवले! १९७२ च्या पहिल्या रेकॉर्डवरची 'हालोगालो' ही पहिलीच चीज ऐका. चार मात्रांचा साधा, सपाट ठेका. तिहाई नाही, तुकडा नाही, समेवर मान टाकणे नाही. समीक्षकांनी या ठेक्याला 'मोटोरिक' असे इंजिनाला शोभेल असे नाव दिले. डिंगरला ते रुचले नाही. तो त्याला 'लांब सरळ रेषा' म्हणे.

दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी, १९७३ साली, मधेच पैसे संपले. तेव्हा या पठ्ठ्यांनी आपलीच आधीची दोन गाणी घेतली, ती १६ आणि ७८ च्या वेगाने फिरवली आणि उरलेली बाजू भरून काढली. जुनेच कर्ज नव्या खात्यावर दाखवण्याची ही युक्ती आमच्याकडे ऑडिटरने तत्काळ पकडली असती. तिकडे तिला कलेच्या इतिहासात जागा मिळाली.

१९९४ साली सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाने रॉकची वाद्ये घेऊन रॉकेतर उद्योग करणाऱ्यांना 'पोस्ट रॉक' म्हटले. १९९६ साली शिकागोच्या 'टॉर्टॉइज' मंडळींनी 'जेड' ही वीस मिनिटांची रचना काढली. तिच्यात ड्युसेलडॉर्फचा तो ठेका स्पष्ट ऐकू येतो. ग्लासगोचे 'मोग्वाय', टेक्सासचे 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय' यांनी पुढे चारदोन सुरांचीच आवर्तने घ्यायची आणि ती कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत चढवत न्यायची, ही तऱ्हा रूढ केली.

यात गोडी कसली? तबलावादकाचा स्वतंत्र कार्यक्रम आठवा. पेटीवाला तासभर एकच लेहरा धरून बसतो. त्याला कोणी कंटाळवाणा म्हणत नाही, कारण तो आहे म्हणून तबल्याच्या करामती कळतात. 'नॉय!'मध्ये उलटी वाटणी आहे: ठेका जागा सोडत नाही आणि गिटार भटकते. पुढे काय येणार ही धास्ती एकदा गेली की कान बारीकसारीक गोष्टी टिपू लागतो. सहाव्या मिनिटाला एखादा सूर जरा लांबला तरी घरी पाहुणा आल्यासारखे वाटते. शिवाय शब्द नसल्यामुळे प्रेमभंग कुणाचा, हा प्रश्नच उरत नाही. ज्याने त्याने आपापला आणावा.

डिंगर २००८ साली गेला. त्याचा ठेका मात्र गेली पन्नास वर्षे कुणी ना कुणी पुढे वाजवतेच आहे. रेकॉर्डवर शेवटी आवाज हळूहळू बारीक होतो, इतकेच. ठेका थांबलेला कुणीच ऐकलेला नाही. एवढ्या भरवशाची गोष्ट आमच्या लॉकरमध्येसुद्धा सापडणार नाही.