अडीच सूत

माझ्या गाडीचं इंजिन मी पहिल्यांदा बिघडवलं ते अडीच सुतानं. गोष्ट १९९४ सालची. पाण्याच्या पंपाचा एक बोल्ट सापडत नव्हता. बंगळूरच्या जे. सी. रोडवर जाऊन मी त्याच मापाचा दिसणारा दुसरा आणला. आपल्याकडचे फिटर अजूनही सुतात बोलतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि हा बोल्ट अडीच सुताचा. दोन आटे तो अगदी सुखानं आत गेला, मग अडला. गंज असेल म्हणून मी पान्याला जोर दिला. 'कट्' असा बारीक आवाज झाला आणि बोल्ट पुन्हा सैल फिरू लागला. सेहेचाळीस वर्षं टिकलेले आटे मी एका रविवारी सकाळी, चहा निवायच्या आत खाऊन टाकले होते.

दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरहून मिस्त्रीचाचा आले. त्यांनी भोकात करंगळीचं नख फिरवलं आणि म्हणाले, "जोर नक्को करना था, साब." दखनीतला हा 'नक्को' आपल्या 'नको'चाच भाऊ. परक्या शहरात, परक्या बोलीतून आपलाच शब्द रागावतो तेव्हा जरा जास्त लागतो.

गाडी म्हणजे एमजी टीसी, १९४८ सालची. दोन माणसांची, बिनछपराची, कापडी टप असलेली. चाकं तारांची, एकोणीस इंची. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते आणि मग तोंडावर येणारे किडे मोजता येतात. दारं मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली, म्हणजे उलटी उघडणारी. इंजिन १,२५० सीसीचं, ताकद सुमारे ५४ अश्वशक्ती. तिला स्पोर्ट्स कार म्हणतात हे ऐकून माझा मेहुणा हसला होता, कारण त्याची मारुती तिला चढावर आरामात मागे टाकत असे. पण टीसीचा वेग काट्यावर मोजायचा नसतो. रस्ता ढुंगणाखाली वीतभर अंतरावर असतो, सुकाणू हातात सतत काहीतरी सांगत असतं, आणि साठाच्या वेगाला आपण काहीतरी मोठं धाडस करतो आहोत असं वाटतं. तेवढ्यासाठी माणूस वेडा होतो.

तर तो बोल्ट. चाचांनी तेलात भिजलेलं एक फडकं उलगडलं. आत एक टॅप होता, आठ मिलिमीटरचा, एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा. अडीच सूत म्हणजे जवळजवळ आठ मिलिमीटरच. म्हणून माझा बोल्ट आत शिरला. पण त्याच्या आट्यांमधलं अंतर वेगळं, म्हणून तो दोन फेऱ्यांत अडला. मी चक्रावलो. इंग्रजांची गाडी, १९४८ सालची, आणि माप मिलिमीटरमध्ये? बोल्टचं डोकं मात्र अस्सल इंग्रजी, व्हिटवर्थच्या पान्यात बसणारं. डोकं एका देशाचं आणि धड दुसऱ्याच.

त्याचं कारण शोधताना मी इतिहासात शिरलो आणि तिथून अजून पुरता बाहेर आलेलो नाही. हॉचकिस ही फ्रान्समधली शस्त्रं बनवणारी कंपनी. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजा पॅरिसच्या दिशेनं सरकू लागल्या, तेव्हा तिनं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला मशीनगनचा कारखाना काढला. युद्ध संपल्यावर बंदुका कोणाला हव्यात? कारखाना विल्यम मॉरिस यांच्या मोटारींसाठी इंजिनं बनवू लागला आणि १९२३ मध्ये मॉरिस यांनी तो विकतच घेतला. यंत्रं फ्रेंच मापाची होती. ती बदलणं म्हणजे मोठा खर्च. म्हणून आटे फ्रेंचच राहिले. पण इंग्लंडभरच्या गॅरेजांत पाने व्हिटवर्थचे, म्हणून डोकी मात्र इंग्रजी मापाची ठेवली. जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचं प्रमाण सुचवलं ते १८४१ मध्ये. म्हणजे त्या करंगळीएवढ्या भोकात एक युद्ध, दोन देश आणि एका मालकाची काटकसर बसलेली होती. मी तिथे जे. सी. रोडचा बोल्ट ठोकला.

'एमजी' म्हणजे मॉरिस गॅरेजेस, याच मॉरिस यांचं ऑक्सफर्डमधलं विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान. १९२२ मध्ये तिथे सेसिल किंबर व्यवस्थापक झाले. साध्या मॉरिस गाडीवर देखणं, हलकं शरीर चढवून विकण्याची कल्पना त्यांची. १९२९ मध्ये कारखाना ॲबिंग्डनला गेला. तिथल्या फोनचा क्रमांक होता २५१, म्हणून गाड्यांचे सांगाड्यावरचे क्रमांकही ०२५१ पासून सुरू करायची प्रथा पडली. टीसीचेही तसेच. एखाद्या कारखान्याला स्वतःच्या फोन नंबरचंसुद्धा कौतुक असतं, हे मला फार आवडतं.

किंबर यांना टीसी पाहायला मिळाली नाही. युद्धकाळात वरिष्ठांना न विचारता विमानाच्या भागांचं काम घेतलं म्हणून १९४१ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आलं. ४ फेब्रुवारी १९४५ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळच्या रेल्वे अपघातात ते गेले. त्याच वर्षी, युद्ध संपताच टीसी आली. नवीन काही करायला ना पैसा होता ना वेळ, म्हणून युद्धाआधीचीच गाडी थोडी रुंद करून बाहेर काढली. ब्रिटनवर कर्जाचा डोंगर होता, पोलाद निर्यात करणाऱ्यालाच मिळे. १९४९ पर्यंत १०,००० टीसी बनल्या, त्यांतल्या सुमारे २,००० अमेरिकेत गेल्या. सगळ्या उजव्या हाताला सुकाणू असलेल्या. अमेरिकनांनी त्याचीही हौस मानली. आपल्याला तर ते सोयीचंच होतं.

माझी टीसी आली चिकमगळूरकडे, एका कॉफीच्या मळ्यावर. ती आली तेव्हा दार बंद होत होतं. १९४९ मध्ये भारत सरकारनं संपूर्ण तयार मोटारींची आयात बंद केली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरलं, की ज्यांना इथे खरोखर गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं. नुसते सुटे भाग जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. मुंबईत १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्ससुद्धा गेली. धोरण म्हणून ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्यातूनच इथले कारखाने उभे राहिले. पण आधी आलेल्या गाड्या मात्र पोरक्या झाल्या. त्यांना भाग पुरवणारं माहेर समुद्रापलीकडे राहिलं आणि मधे परवान्यांची भिंत.

मग त्या चालल्या कशा? चालल्या ते मिस्त्रींमुळे आणि भंगाराच्या बाजारांमुळे. मुंबईला कुर्ला आणि चोरबाजार, कोलकात्याला मल्लिक बाजार, चेन्नईला पुदुपेट, दिल्लीला मायापुरी, आणि आमच्या बंगळूरला शिवाजीनगरची गुजरी. मी सांगलीकडचा. कोल्हापुरात 'गुजरी' म्हटलं की सोन्याची दुकानं डोळ्यांसमोर येतात. इथे गुजरी म्हणजे गंजलेल्या लोखंडाचे ढीग. पहिल्या दोन वर्षांत मला हा फरक वाटेनासा झाला. एसयू कार्बुरेटरची एक सुई मला तिथे खिळ्यांच्या डब्यात मिळाली, तेव्हा घरी येईपर्यंत मी ती मुठीत धरून होतो. बायकोनं हिशेबाच्या वहीत 'गाडी' हे पान आधी 'किरकोळ'मध्ये घातलं होतं. नंतर त्याला वेगळी वही लागली.

गाडी घेतली तेव्हा ती मळ्यावरच्या शेडमध्ये मिरीच्या पोत्यांखाली होती. मूळ मालकाच्या मुलानं ती मला जवळजवळ भंगाराच्या भावात दिली. एक अट घातली, की मोडून विकायची नाही. त्याचे वडील ती घेऊन घाट उतरून मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यती पाहायला जात. युद्धकाळातल्या धावपट्टीवर तिथे मोटारी पळत. एकदा ते स्वतःही पळाले आणि शेवटचे आले, असं मुलानं अभिमानानं सांगितलं.

इंजिन सुरू झालं, ब्रेक लागू लागले, आणि मग मला तो रोग जडला जो जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाला जडतो. त्याचं नाव 'ओरिजिनल'. प्रत्येक स्क्रू ॲबिंग्डनहून निघाला तसाच हवा. दिव्याची वायर कापडाच्या वेष्टनाचीच हवी. मी ऑफिसात कर्जाच्या फायली पुढ्यात ठेवून हिरव्या रंगाच्या छटांचा विचार करत असे. मुलीच्या शाळेच्या सहलीचे पैसे भरायचे विसरलो आणि इंग्लंडहून मागवलेल्या रबरी पट्ट्यांचे भरले. ही गोष्ट ती आजही पाहुण्यांसमोर सांगते.

टीसीच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो, ॲश या झाडाच्या लाकडाचा. दारं नीट लागत नव्हती, म्हणजे सांगाडा खिळखिळा झाला होता. आता आयात सोपी झाली होती. साठवलेल्या बोनसमधून मी इंग्लंडहून ॲश लाकडाचा नवा संच मागवला. खोकं आलं. चाचांनी पत्रा उतरवला. बरेच तुकडे वाळवीनं पोखरलेले होते. बोटानं दाबलं की पीठ. पण दारांच्या बिजागऱ्या ज्यांना लागतात ते दोन्ही खांब खणखणीत होते. ते ॲशचे नव्हतेच. सागवानाचे होते. कुणीतरी, बहुधा मळ्यावरच्या सुतारानं, मूळ खांब कुजल्यावर त्यांच्याबरहुकूम हे तासून बसवले होते. वळण इतकं अचूक होतं, की मी मागवलेला नवा खांब शेजारी धरला तेव्हा दोघांत फरक सापडेना.

खांबांच्या आतल्या अंगावर काहीतरी कोरलेलं होतं, एकेक अक्षर. मला ते सुताराचं काहीतरी चिन्ह वाटलं. दहा वर्षांची मुलगी शाळेतून आली, दप्तर न काढता वाकली आणि म्हणाली, "बाबा, हे कन्नड आहे. हा 'ए', हा 'ब'. एड म्हणजे डावा, बल म्हणजे उजवा."

इतकंच. कुठला खांब कुठे बसवायचा हे विसरू नये म्हणून एका माणसानं घातलेली खूण. त्याचं नाव कुठे नाही. किंबर यांचं नाव पुस्तकांत आहे, मॉरिस तर लॉर्ड झाले, व्हिटवर्थ यांचं नाव बोल्टांवर चालतं. पण ही गाडी आयातबंदीच्या सगळ्या वर्षांत उभी राहिली ती या 'ए' आणि 'ब'वर. आणि मी तेच दोन खांब काढून टाकायला निघालो होतो, कारण ते 'ओरिजिनल' नव्हते.

चाचांना विचारलं, काय करू? त्यांनी खांबावर टिचकी मारली. "ये चालीस साल से गाडी में हैच. तुम्हारा नवा तो कल आया. पुराना कौन?" या 'हैच'मधला 'च'ही आपलाच. त्याच्यापुढे वाद घालता येत नाही.

आम्ही वाळवी लागलेले तुकडे तेवढे बदलले. सागवानी खांब राहिले. पुढे एका शहरातल्या जुन्या मोटारींच्या स्पर्धेत परीक्षकांनी दार उघडून, टॉर्च मारून पाहिलं आणि गुण कापले. ते त्यांच्या नियमानं बरोबरच होते. मी त्यांना कन्नड अक्षरं दाखवली. ते सौजन्यानं हसले आणि पुढच्या गाडीकडे गेले. परतीच्या वाटेवर थोडा वेळ मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. इंग्लंडहून आलेले ते दोन नवे खांब अजून माळ्यावर आहेत. एवढे पैसे घातलेले, टाकवत नाहीत.

ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. चाचांचं गॅरेज त्यानंतर पंचवीस वर्षं चाललं. ते आवरताना त्यांनी मला तेलाच्या फडक्यातला तो आठ मिलिमीटरचा टॅप दिला. मुलांपैकी कुणाला त्याचा उपयोग नव्हता. तो कुठून आणला, असं मी विचारलं, तर म्हणाले, गुजरीतून. आधी कोणाचा होता हे गुजरीत कुणी विचारत नाही.

आता मी अडुसष्ट वर्षांचा आहे. क्लच दाबताना गुडघा कुरकुरतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यानं जुनं रबर खराब होतं, म्हणून इंधनाच्या नळ्या बदलाव्या लागल्या. हे काम करायला एक तरुण मुलगा येतो. हुशार आहे, फोनवर बघून सगळं शिकतो. गेल्या महिन्यात पाण्याच्या पंपाशी तो काहीतरी करत होता. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. पान्याचा आवाज आधी हलका येत होता, मग एकदम थांबला, आणि दम धरून जोर लावण्याआधी माणूस घेतो तो श्वास ऐकू आला.

मी पेपर टाकून ओरडलो, "जोर नक्को!"

तो दचकून थांबला. मी आत जाऊन ते फडकं घेऊन आलो.