संगणकाचे दोन पंथ

पंथ आला की पंथाभिमान येतो आणि त्याच्या मागोमाग भांडणही येते, हा मनुष्यस्वभाव आहे. शैव आणि वैष्णव यांचे वाद आपल्या परंपरेला परिचित आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेसारख्या देशात संगणक नावाच्या निर्जीव यंत्रावरून असाच वाद पेटावा आणि सुशिक्षित माणसांनी तो धर्मयुद्धाच्या आवेशाने लढवावा, याचे नवल वाटते. त्या वादाचा इतिहास आपणा मराठी वाचकांनाही अगदी परका नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

संगणक सुरू होताच जी मूळ व्यवस्था त्याचा ताबा घेते आणि कळफलक, पडदा, स्मृती व इतर कार्यक्रम यांचा मेळ घालते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. एका प्रणालीसाठी लिहिलेला कार्यक्रम दुसरीवर सहसा चालत नाही. भांडणाचे बीज यातच आहे.

ॲपल कंपनीने जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश हा संगणक बाजारात आणला. आज्ञा टंकित करण्याऐवजी पडद्यावरील चित्रांवर माउसने बोट ठेवावे, ही सोय त्यामुळे सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. नोव्हेंबर १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली आली. ‘आमची कल्पना चोरली’, असा मॅकच्या चाहत्यांचा तेव्हापासूनचा आक्षेप. वस्तुस्थिती एवढी सरळ नव्हती. पडद्यावरील चौकटी, चित्रे आणि माउस यांचा असा मेळ झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ सालच्या ‘आल्टो’ या संगणकात घातला गेला होता. १९७९ च्या डिसेंबरात स्टीव्ह जॉब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे जाऊन तो प्रयोग पाहिला. बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे एक लाख समभाग सुमारे दहा लाख डॉलरना घेण्याची मुभा मिळाली होती. आणखी एक गोष्ट चाहते विसरतात. मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सेल’ हा प्रसिद्ध कार्यक्रम १९८५ साली प्रथम मॅकिंटॉशसाठीच निघाला. विंडोजवर तो १९८७ मध्ये आला.

१९८८ साली ॲपलने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. तक्रारीत १८९ बाबींची यादी होती. त्यांपैकी १७९ बाबी १९८५ साली ॲपलनेच दिलेल्या परवान्यात मोडतात, असे न्यायालयाने ठरविले. उरलेल्यांवरही ॲपलचा हक्क टिकला नाही. १९९४ मध्ये अपील फेटाळले गेले आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. दरम्यान झेरॉक्सनेही १९८९ साली ॲपलवर दावा लावून पाहिला. तोही बहुतांशी निकालात निघाला.

न्यायालयात हे चालले असता बाहेर अनुयायांचे रण माजलेच होते. ॲपलने तर गाय कावासाकी यांना चक्क ‘इव्हँजेलिस्ट’, म्हणजे धर्मप्रचारक, असे पदनाम दिले होते. १९९४ साली इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी एका विनोदी लेखात मॅकला कॅथलिक आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीला प्रॉटेस्टंट ठरविले. पहिली भक्ताला पायरीपायरीने मोक्षाकडे नेते, दुसरी अर्थ लावण्याचे ओझे भक्तावरच टाकते, असा त्यांचा आशय होता. विंडोजवाले स्वस्ताई आणि विपुल कार्यक्रम यांचे दाखले देत. मॅकवाले सौंदर्य आणि सुलभता यांचे. एकमेकांचे ऐकून कोणी पंथ बदलल्याचे मात्र फारसे दिसत नाही.

या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग ६ ऑगस्ट १९९७ रोजी बोस्टन येथे घडला. ॲपल तोट्यात रुतली होती. मॅकप्रेमींच्या मेळाव्यात जॉब्स यांनी जाहीर केले की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवीत आहे आणि मॅकसाठी आपले ऑफिस कार्यक्रम पाच वर्षे काढीत राहणार आहे. मागील भव्य पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा उमटताच सभागृहातून हुर्यो उठली. ॲपलने जिंकायचे तर मायक्रोसॉफ्टने हरलेच पाहिजे ही समजूत आता सोडावी, अशा आशयाचे जॉब्स बोलले. सेनापतींचा तह झाला होता. सैन्याला तो मान्य नव्हता.

या सैनिकांना हसणे सोपे आहे. मीही हसलो असतो. परंतु सुमारे वीस वर्षांपूर्वी, मी नोकरीत असताना, वडिलांनी सांगितलेल्या घराण्याच्या आठवणी घरच्या संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. आपले पूर्वज या प्रांतात कसे आले, कोणत्या वाड्यात उतरले, पहिली शाळा कोणी काढली, असा तो मजकूर. पुढे यंत्र बदलले. वडीलही गेले. एके दिवशी ती फाईल उघडली, तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक सडा! दोष प्रणालीपेक्षा त्या काळच्या टंकांचा होता. प्रत्येक टंकाची अक्षरसंहिता निराळी आणि माझा टंक हरवलेला. जी पाने कागदावर छापली होती तेवढीच वाचली. तेव्हा उमगले की बोस्टनच्या त्या लोकांची निष्ठा केवळ अंधभक्ती नसावी. त्यांचे शिकलेले कसब आणि वर्षांचे काम त्या यंत्रात होते. कंपनी बुडाली तर आपले काय, ही धास्ती त्या हुर्योतही असेल.

आणि येथेच या इतिहासाची आपल्याशी गाठ पडते. जगातील सर्व लिप्यांना एकच संहिता असावी, या युनिकोडच्या कल्पनेवर झेरॉक्स आणि ॲपल येथील अभियंत्यांनी १९८७ च्या सुमारास काम आरंभिले. पुढे त्यात मायक्रोसॉफ्टही सामील झाली. ऑक्टोबर १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले. त्या वेळी ॲपल-मायक्रोसॉफ्ट खटला चालूच होता! मालक न्यायालयात भांडत असता त्यांचीच माणसे एका मेजाभोवती बसून आपल्या ‘अ आ इ ई’ला क्रमांक देत होती. आज कोणत्याही यंत्रावर लिहिलेली मराठी दुसऱ्यावर वाचता येते, ती त्या बैठकीची पुण्याई.

नरहरी सोनारांची कथा आपण जाणतोच. विठ्ठलाचे मुख पाहायचे नाही म्हणून त्यांनी डोळ्यांना पट्टी बांधून कमरेचे माप घेतले, तर हाताला शिवाची चिन्हे लागली. आता भांडण मोबाईलवर आले आहे, आणि दिवाळीत आमच्या घरी नातवंडे त्यावरून हमरीतुमरीवर येतात. मी मध्ये पडत नाही. त्यांच्यापैकी एकाला मात्र वडिलांच्या वाचलेल्या पानांचे पुन्हा टंकन करावयास बसविले आहे. यंत्र त्याने त्याच्या आवडीचे घ्यावे. अक्षरे युनिकोडमधील असावीत, एवढीच अट घातली आहे.